कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंगची पदवी : दोन सत्रांनंतरचा अनुभव

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयात, मी 'असोसिएट डिग्री इन नर्सिंग' हा अभ्यासक्रम करते आहे. दुसरे सत्र नुकतेच संपले असून निम्मा अभ्यासक्रम पार पडला आहे, त्यामुळे आता त्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. भारतात विज्ञान शाखेची पदवी घेऊन लग्नानंतर इकडे आलेल्या अनेक मराठी मैत्रिणी या अभ्यासक्रमाची चौकशी करतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : इतक्या कमी शुल्कात मिळणारी ही पदवी खरोखर चालते का? पदवी पूर्णपणे चालते. मात्र तिची किंमत डॉलरमध्ये कमी आणि वेळेत फार मोठी आहे, आणि हा दुसरा हिशेब प्रवेशापूर्वी कोणी नीट मांडून दाखवत नाही.

आधी पैशांचे. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात प्रत्येक युनिटमागे, म्हणजे श्रेयांकामागे, ४६ डॉलर शुल्क पडते. नोंदणीकृत परिचारिकेच्या परवान्यासाठी राज्याच्या नियमांनुसार किमान ५८ सेमिस्टर युनिट लागतात, त्यांपैकी ३६ युनिट नर्सिंगची असतात आणि त्यांतली निम्मी वर्गातील शिक्षणाची, निम्मी प्रत्यक्ष रुग्णसेवेची. हा किमान आकडा धरला तर शिकवणीचे शुल्क २,६६८ डॉलर होते. पदवीसाठी लागणारे इतर विषय, पुस्तके, गणवेश, पार्श्वभूमीची तपासणी, बीएलएसचे (प्राथमिक जीवनरक्षणाचे) प्रमाणपत्र आणि लसी यांचा खर्च त्यावर वाढतो, तरीही खासगी संस्थेच्या शुल्काशी त्याची तुलना होऊ शकत नाही. हे दर मिळण्यासाठी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य सिद्ध करावे लागते. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर असलेल्या व्यक्तीलाही ही अट पूर्ण करता येते. ती पूर्ण होण्याआधी वर्गांना नाव घातले तर अनिवासी शुल्क लागते आणि सगळे गणितच बदलते.

वेळेचा हिशेब मात्र वेगळाच आहे. माहितीपत्रकात अभ्यासक्रम दोन वर्षांचा म्हटलेला असतो, पण ही दोन वर्षे प्रवेश मिळाल्यानंतर सुरू होतात. त्याआधी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे तिन्ही विषय प्रयोगशाळेसह, शिवाय इंग्रजी लेखनासारखे सामान्य विषय, चांगल्या श्रेणीत पूर्ण करावे लागतात. हे विषय एकावर एक आधारलेले असल्यामुळे सगळे एकाच सत्रात उरकता येत नाहीत. अनेक कॉलेजांत विज्ञानाचे विषय अलीकडच्या काही वर्षांतलेच असावेत अशीही अट असते. माझी पदवी महाराष्ट्रातील विद्यापीठाची, तीही सूक्ष्मजीवशास्त्रातली. तरीही तिचे मूल्यमापन करून घेतल्यावर काही विषय मान्य झाले आणि काही पुन्हा करावे लागले. या बाबतीत मला मिळालेले मार्गदर्शन समाधानकारक नव्हते, कारण एकाच कार्यालयातील दोन समुपदेशकांनी दोन वेगळी उत्तरे दिली. परदेशी पदवीच्या मान्यतेविषयी जे काही सांगितले जाईल ते लेखी घ्यावे, असे मी प्रत्येकीला आवर्जून सांगते.

अर्जदार जागांपेक्षा पुष्कळ जास्त असल्याने निवड चिठ्ठ्या टाकून किंवा गुण देऊन होते. गुणांकनात पूर्वतयारीच्या विषयांतील श्रेणी, आरोग्यसेवेतील कामाचा अनुभव आणि टीज नावाच्या प्रवेशपरीक्षेतील गुण धरले जातात. ही परीक्षा २०९ मिनिटांची असते, तीत वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे मिळून १७० प्रश्न असतात, आणि राज्यातील कम्युनिटी कॉलेजांत एकत्रित ६२ टक्के ही पात्रतेची रेषा मानली जाते. आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की या गुणांकनाच्या कायद्यात इंग्रजीखेरीज अन्य भाषेचे प्रभुत्व हाही एक निकष आहे आणि तेथे भारतीय उपखंडातील भाषांचा स्पष्ट उल्लेख आहे. मराठी येत असल्याचे गुण मिळू शकतात. ते कसे सिद्ध करायचे हे प्रत्येक कॉलेज आपापले ठरवते, म्हणून शाळेच्या गुणपत्रिका जपून ठेवाव्यात.

प्रवेशानंतर आरोग्यविषयक कागदपत्रे जमवताना भारतात वाढलेल्या बहुतेकींना क्षयाच्या चाचणीचा प्रश्न येतो. लहानपणी दंडावर घेतलेल्या बीसीजी लसीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे व पुढचे सोपस्कार मागे लागतात. रक्तावर होणाऱ्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती चालते का, हे आधीच विचारून घेतले तर मनस्ताप वाचतो.

आता शिक्षणाविषयी, कारण माझ्या मते या अभ्यासक्रमाचे खरे मोल तेथे आहे. आपल्या विद्यापीठांतील परीक्षांची सवय असलेल्या माणसाला पहिले काही आठवडे अतिशय जड जातात. प्रश्नाचे चारही पर्याय बरोबर असतात आणि विचारलेले असते ते हे, की चौघांपैकी कोणत्या रुग्णाकडे आधी जाल, किंवा या क्षणी पहिली कृती कोणती कराल. काही प्रश्नांत लागू असलेले सर्व पर्याय निवडायचे असतात. पाठांतराने येथे निभाव लागत नाही. उत्तीर्ण होण्याची रेषा पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास असते, आणि औषधांच्या मात्रेच्या गणिताची परीक्षा त्याहून कितीतरी कडक. पौंडांचे किलो करून, त्यावरून मिलिग्रॅम आणि मग मिलिलिटर काढताना दशांशचिन्ह एक घर सरकले तर रुग्णाला दहापट औषध जाईल, हे प्राध्यापिका इतक्या वेळा आणि इतक्या गांभीर्याने सांगतात की हिशेब दोनदा तपासल्याशिवाय हात पुढे जात नाही. मला हा कडकपणा योग्य वाटतो.

रुग्णालयातील शिक्षणाला येथे क्लिनिकल म्हणतात. एका प्राध्यापिकेबरोबर आठ-दहा विद्यार्थी असतात आणि पहिल्या सत्रात बराच भर अंघोळ घालणे, कूस बदलणे, नाडी व श्वास मोजणे यांवर असतो. ही कामे किरकोळ आहेत असे बाहेरून वाटते. ती किती डोळस असावी लागतात हे मला एका वृद्ध रुग्णेच्या टाचेपाशी कळले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचा आणि माकडहाड या जागी दाबामुळे जखम सुरू होते आणि तिची पहिली खूण म्हणजे लाली, असे पुस्तकात वाचलेले होते. या बाईंची त्वचा सावळी होती आणि तीवर लाली दिसत नव्हती. प्राध्यापिकांनी मला हाताची पाठ आधी एका टाचेला आणि मग दुसऱ्या टाचेला लावायला सांगितली. एक टाच स्पष्टपणे गरम होती आणि दाबल्यावर किंचित कडक लागत होती. पोटरीखाली उशी देऊन ती टाच अधांतरी ठेवली, नोंद केली आणि त्या रुग्णेच्या परिचारिकेला कळवले. सावळ्या त्वचेवर दृष्टीपेक्षा स्पर्शावर अधिक भिस्त ठेवावी लागते हा धडा आपल्या देशातील बहुसंख्य रुग्णांना लागू पडणारा आहे, आणि तो मला पहिल्याच सत्रात, रुग्णाच्या खाटेशी मिळाला याबद्दल मी या अभ्यासक्रमाची ऋणी आहे.

राज्याच्या नियमानुसार परवान्यापूर्वी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ५०० तास भरावे लागतात आणि प्रौढ रुग्ण, प्रसूती, बालरोग, वृद्धसेवा व मानसिक आरोग्य या प्रत्येक क्षेत्रात त्यांतले किमान ३० तास असावे लागतात. कॅलिफोर्नियात एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत याचीही कायदेशीर मर्यादा आहे : सर्वसाधारण वैद्यकीय-शल्य विभागात पाच, अतिदक्षता विभागात दोन. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातील सर्वसाधारण वॉर्ड ज्यांनी पाहिला आहे त्यांना या आकड्यांचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

घरच्या घडीवर मात्र या शिक्षणाचा ताण पडतो. सकाळी सातच्या आत विभागात हजर राहायचे, आदल्या संध्याकाळी औषधांची माहिती काढून ठेवायची आणि परत आल्यावर सविस्तर शुश्रूषा-आराखडा लिहायचा, असे ते दिवस असतात. गैरहजेरी जवळजवळ चालत नाही. माझी सर्वांत मोठी तक्रार वेळापत्रकाविषयी आहे : कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी जायचे हे आम्हाला सत्र तोंडावर आल्यावर कळवले गेले. लहान मुले असणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या सहाध्यायींचे त्यामुळे फार हाल झाले. प्रौढ विद्यार्थ्यांसाठी असलेल्या संस्थेने हे सुधारायलाच हवे. मुलांना शाळेत पोचवणारे दुसरे कोणी घरात किंवा शेजारी नसेल तर या वाटेने जाणे अतिशय कठीण आहे.

चार वर्षांच्या बीएसएनपेक्षा, म्हणजे नर्सिंगच्या बॅचलर पदवीपेक्षा, ही पदवी कमी दर्जाची आहे का? अमेरिकी नर्सिंग शिक्षणतज्ज्ञ मिल्ड्रेड माँटॅग यांनी १९५१ साली आपल्या प्रबंधात दोन वर्षांच्या नर्सिंग शिक्षणाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी तिचा प्रयोग सुरू झाला; तेव्हापासून हा वाद चालू आहे. परवान्याची परीक्षा, एनक्लेक्स-आरएन, दोघींची एकच असते : पाच तास, किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, आणि एप्रिल २०२३ पासून रुग्णाच्या संपूर्ण प्रकरणावर आधारलेले निर्णयक्षमतेचे प्रश्न. परवानाही एकच. नोकरीत मात्र फरक पडतो, कारण अनेक मोठी रुग्णालये बीएसएनला प्राधान्य देतात, आणि न्यूयॉर्क राज्यात २०१७ च्या कायद्याने नव्या परिचारिकांना दहा वर्षांत ती पदवी घेणे बंधनकारक केले आहे. म्हणून काम करता करता आरएन-टू-बीएसएन हा परवानाधारक परिचारिकांसाठीचा बीएसएनचा अभ्यासक्रम पूर्ण करण्याची तयारी ठेवूनच येथे यावे; मी तसेच ठरवले आहे.

भारतात जीएनएम ही नर्सिंगची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांनी मात्र थेट या अभ्यासक्रमाला नाव घालू नये. त्यांनी आधी ज्या राज्यात काम करायचे तेथील नर्सिंग बोर्डाकडून शिक्षणाचे मूल्यमापन करून घ्यावे. ते मान्य झाले तर सरळ एनक्लेक्स देता येते, आणि काही तास कमी पडत असतील तर तेवढेच भरून काढता येतात का हे पाहता येते.

एच-४ वरील मैत्रिणींसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या व्हिसावर शिकता येते, पण परवाना मिळणे आणि नोकरी करण्याची मुभा मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. काम करण्यासाठी ईएडी हे कामाचे परवानगीपत्र किंवा ग्रीन कार्ड हातात असावे लागते. दोन वर्षांच्या पदवीवर नर्स म्हणून एच-१बी मिळणे अवघड असते, कारण त्या व्हिसाला सर्वसाधारणपणे किमान बॅचलर पदवीची गरज असलेले पद लागते. आमचे ग्रीन कार्ड आल्यानंतरच मी अर्ज केला होता. ज्यांचे अजून आलेले नाही त्यांनी पूर्वतयारीचे विषय खुशाल सुरू करावेत, आणि मुख्य अभ्यासक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.