पांढऱ्या रेघांचा नकाशा : फ्रान्सच्या निवांत रस्त्यांसाठी घेतलेल्या एका कागदी नकाशाचे परीक्षण

फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलने फिरायचे असेल तर सर्वांत आधी काय विकत घ्यावे, हा प्रश्न बेळगावातल्या सायकलस्वारांकडून मला अलीकडे वारंवार विचारला जातो. सायकल तिथे भाड्याने मिळते आणि मुक्कामाची सोयही होते. माझ्या मते ज्यावर हात आखडता घेऊ नये अशी वस्तू एकच आहे, ती म्हणजे मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीचा कागदी रस्ता-नकाशा. जून महिन्यात माझे थोरले चुलतभाऊ अण्णा आणि मी ओर्लेआँ शहरातून निघून सोलोन्यच्या जंगलपट्ट्यातून बूर्जला, तिथून सेंत-आमां-मोंराँमार्गे ट्राँसेच्या अरण्यापर्यंत आठ दिवस सायकलने हिंडलो. त्या आठ दिवसांत आम्हाला जी शांतता लाभली, तिचे बरेचसे श्रेय मी या नकाशाला देतो, आणि म्हणून हे परीक्षण थोडे सविस्तर लिहितो आहे.

आम्ही घेतलेली पाने स्थानिक मालिकेतली होती : क्रमांक ३१८, ३२३ आणि ३२६. प्रमाण १:१,५०,०००, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा दीड किलोमीटर. सायकलस्वाराला हे प्रमाण फार सोयीचे पडते, कारण दिवसभराचा साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास घडी घातलेल्या कागदाच्या एका बाजूवर मावतो आणि तरीही लहानशी वाडीसुद्धा नावानिशी दिसते. मोठ्या वाहतुकीचे रस्ते तांबडे, दुय्यम रस्ते पिवळे आणि गावांना गावे जोडणारे लहान रस्ते पांढरे, ही या नकाशाची मुख्य भाषा आहे. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर तो भाग निसर्गरम्य समजावा. चढाच्या जागी बाणाची टोके काढलेली असतात आणि ती चढाच्या दिशेने वळलेली असतात : एक टोक म्हणजे पाच ते नऊ टक्के चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा, आणि तीन म्हणजे तेराहून अधिक. ज्याने लादलेली सायकल चढावर ढकलली आहे, त्याला या तीन बारीक टोकांचे मोल वेगळे सांगायला नको.

एक इशारा आपल्याकडच्या माणसाला मुद्दाम द्यावासा वाटतो. आपल्या मैलाच्या दगडांवर पिवळी टोपी राष्ट्रीय महामार्गाची आणि हिरवी राज्य महामार्गाची असते, त्यामुळे पिवळा रंग दिसला की आपल्या मनात ट्रकच उभे राहतात. फ्रान्समध्ये पिवळी टोपी जिल्हा रस्त्याच्या दगडाला असते आणि तांबडी राष्ट्रीय रस्त्याच्या. पहिला दीड दिवस अण्णा पिवळा दगड दिसताच सवयीने रस्त्याची कड धरत होते.

निघण्यापूर्वी महिनाभर ही तिन्ही पाने टिळकवाडीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेली होती. एके रात्री बराच वेळ न्याहाळून अण्णा म्हणाले, "अरे, हा पांढरा म्हणजे आपला बेळगुंदीहून राकसकोपकडे जाणारा रस्ता, आणि हा तांबडा म्हणजे चोर्ल्याचा. एवढे कळले की झाले." पहिला निवांत, दुसरा गोव्याकडच्या अवजड वाहनांचा; खरोखर एवढेच कळायला हवे होते. मात्र नकाशा आणखी निरखल्यावर आपल्या आणि त्यांच्या रस्त्यांतला एक मूलभूत फरक लक्षात आला. खानापूर तालुक्याच्या आतल्या भागात पुष्कळ गावांना एकच डांबरी वाट असते. ती गावात जाते आणि त्याच वाटेने माघारी यावे लागते. रस्ता शांत असतो, पण पुढे कुठे पोचवत नाही, आणि जो पोचवतो त्यावर गोव्याकडे जाणारी अवजड वाहने असतात. फ्रान्समध्ये सुमारे पस्तीस हजार ग्राम-नगर पंचायती आहेत आणि देशातल्या रस्त्यांची एकूण लांबी दहा लाख किलोमीटरांहून अधिक आहे. साधारण प्रत्येक गावातून चार-पाच दिशांना चार-पाच लहान डांबरी रस्ते फुटतात आणि शेजारच्या गावांना जाऊन मिळतात. लांबच्या प्रवासाची वाहने तांबड्या रस्त्यांनी निघून जातात. पांढऱ्या रस्त्यावर उरतात ते एखादा ट्रॅक्टर, टपालाची पिवळी गाडी आणि शेजारच्या गावी निघालेले एखादे कुटुंब. त्यामुळे तिथे शांत रस्त्यांची साखळी जोडत शेकडो किलोमीटर जाता येते, आणि ती साखळी घरी बसून, बोट फिरवत, आधीच जोडता येते. या नकाशाची खरी किंमत मला त्यात दिसते.

ही गोष्ट पहिल्याच दिवशी आम्हाला चूक करून शिकावी लागली. ओर्लेआँमधून बाहेर पडताना आम्ही नकाशा पिशवीत ठेवला आणि मोबाइलमधल्या एका मार्गदर्शक ॲपवर विसंबलो. त्याने आम्हाला सरळ दक्षिणेकडे जाणाऱ्या डी २०२० या रस्त्यावर नेऊन सोडले. डी हे अक्षर जिल्हा रस्त्याचे, म्हणून आम्हीही निर्धास्त होतो; पण हा रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय मार्ग क्रमांक २०. २००६ साली फ्रान्सने हजारो किलोमीटर राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले, तेव्हा अशा अनेक रस्त्यांची अक्षरे बदलली, वाहतूक मात्र तीच राहिली. सहा किलोमीटर मालवाहू गाड्यांच्या वाऱ्यात डगमगत गेल्यावर आम्ही एका पेट्रोल पंपाशी थांबलो, नकाशा उघडला, आणि तो रस्ता तांबड्या रंगात स्पष्ट दिसला. तेव्हापासून आम्ही रस्त्याचे नाव वाचणे सोडून रंग वाचू लागलो. बूर्जच्या दक्षिणेला डी २१४४ बाबतही हीच परिस्थिती आहे. तिथे आम्ही त्याला समांतर अशा, बेरी कालव्याच्या आसपासच्या पांढऱ्या रस्त्यांनी गेलो आणि नुआरलाक येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठापाशी दुपार काढली.

सोलोन्य हा सपाट, तळ्यांचा आणि जंगलांचा प्रदेश आहे. ओक, बर्च आणि पाइन यांच्या मधून रस्ते इतके सरळ जातात की समोरचे टोक लहानशा उजेडाच्या चौकटीसारखे दिसते. सकाळी आठच्या सुमारास ब्रिनोंच्या दिशेने जाताना तासभरात आम्हाला फक्त दोन मोटारी भेटल्या, आणि दोघांनीही मागे वेग कमी करून, समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावरच ओलांडले. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवावे आणि गावात एक मीटर, असा तिथला नियम आहे. तो पाळला जातो हे आठ दिवस पाठीमागून अनुभवले. या भागातले पुष्कळसे जंगल खासगी मालकीचे आहे, त्यामुळे डांबरी रस्ता सोडून आत शिरण्याचा मोह टाळावा. शरद ऋतूपासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत शिकारीचा मोसम असतो. त्या दिवसांत जंगलातून जाणाऱ्याने भडक रंगाचे कपडे घालणे शहाणपणाचे आहे.

ट्राँसेचे अरण्य मात्र सरकारी आहे आणि त्यासाठीच मी पुन्हा तिकडे जाईन. सुमारे दहा हजार सहाशे हेक्टरांचे हे ओकवृक्षांचे वन सतराव्या शतकात, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात, आरमाराला लाकूड मिळावे म्हणून नव्याने राखले गेले. जहाजे लोखंडाची झाली आणि ती झाडे उभीच राहिली. आज इथल्या ओकचे लाकूड वाइनच्या पिंपांसाठी नावाजलेले आहे. आपल्या भीमगड अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. ट्राँसे त्याच्या निम्म्याहून थोडे मोठे. पण भीमगडच्या दाट, ओल्या, अनेक जातींच्या रानाशी त्याची तुलना करू नये. इथे एकाच जातीची, शंभर फुटांपर्यंत सरळ चढलेली खोडे रांगांनी उभी आहेत आणि त्यांच्या तळाशी इतकी मोकळीक आहे की सायकलच्या चेनचा आवाजही दूरपर्यंत जात असावा असे वाटते. जंगलातले लहान रस्ते गोलाकार चौकांत येऊन मिळतात आणि तिथून ताऱ्याच्या किरणांसारखे फाकतात. अशा चौकात कोणताही किरण दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसत नाही. तिथे आम्ही नकाशा हँडलवर उलटसुलट न करता जमिनीवर पसरला, होकायंत्र ठेवले, आणि मगच निघालो. सेंत-बोने तळ्याच्या काठी रात्री साडेनऊलाही उजेड होता.

नकाशाच्या मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. हा मुळात मोटारीच्या प्रवासासाठीचा नकाशा आहे, त्यावर समोच्च रेषा, म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या रेषा, नाहीत. बाणांच्या टोकांत न बसणारे चार टक्क्यांचे लांबलचक चढ कागदावर सपाटच दिसतात आणि दुपारी तीन वाजता ते पायांना कळतात. रस्त्याचे डांबर गुळगुळीत की खडबडीत, हे रंगावरून समजत नाही. पाणी कुठे मिळेल तेही नकाशा सांगत नाही. त्यावर तिथल्या सायकलस्वारांचा जुना उपाय असा की गावाच्या कडेची दफनभूमी शोधावी, कारण तिथे बहुधा नळ असतो. नळावर 'ओ नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नये. कागद पावसात टिकत नाही म्हणून पारदर्शक पाकीट हवे. याशिवाय लहान गावांतली पावाची दुकाने दुपारी बंद असतात आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारीही. आमच्यापाशी घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी होती, ती सकाळी घेतलेल्या लांब पावाबरोबर चार दुपारी कामी आली.

भाड्याच्या सायकलींबद्दल माझे मत तितकेसे चांगले नाही. आम्ही ज्या दुकानातून त्या घेतल्या, त्याचे नाव मी इथे देत नाही. परंतु अण्णांच्या सायकलचे मागचे ब्रेक-पॅड झिजलेले होते आणि ते आम्हाला तिसऱ्या दिवशी, उतारावर समजले. सायकल ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक, दिवे आणि घंटी स्वतः तपासावी. दिवे आणि घंटी तिथे कायद्याने आवश्यक आहेत, आणि गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चकाकणारे जाकीटही. कानात इयरफोन घालून सायकल चालवण्यास मनाई आहे, जी मला फार योग्य वाटली.

हा नकाशा सायकलस्वाराच्या इतका उपयोगी पडावा, यामागे थोडा इतिहासही असावा. मिशेलिन कंपनी १८८९ साली क्लेर्मों-फेराँ येथे सुरू झाली आणि तिचे नाव झाले ते १८९१ मध्ये, सायकलच्या काढता-बसवता येणाऱ्या हवेच्या टायरमुळे. त्याच वर्षीची पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस शर्यत शार्ल तेराँ याने हेच टायर लावून जिंकली. रस्त्यांचे नकाशे १९१० पासून निघू लागले आणि १९१३ पर्यंत सत्तेचाळीस पानांत संपूर्ण फ्रान्स पुरा झाला. आजही एखाद्या निर्जन तिठ्यावर याच कंपनीने उभारलेला काँक्रीटचा जुना दिशादर्शक खांब दिसतो, ज्याच्या पाट्या लाव्हाच्या दगडावर मीनाकाम करून लिहिलेल्या आहेत. सेरीयीच्या वाटेवर अशाच एका खांबाशी आम्ही नकाशा आणि पाटी ताडून पाहिली. गावांची नावे जुळली आणि अंतरेही.

परत आल्यावर अण्णांनी आपल्या भागाचा एक साधा नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला आहे आणि त्याच तीन रंगांत ते तो रंगवत आहेत. खानापूरचा महामार्ग आणि चोर्ल्याचा रस्ता तांबडे झाले. शिनोळीवरून चंदगडकडे जाणारा पिवळा ठरला. बेळगुंदी–राकसकोपचा तुकडा आम्ही दोनदा जाऊन, वाहने मोजून, पांढरा ठेवला. नागरगाळीकडची बाजू अजून रिकामी आहे, कारण तिकडे पाऊस ओसरल्यानंतरच जाता येईल.