दहावीनंतर गोव्यात: दोन वर्षांचं आयटीआय की तीन वर्षांचं पॉलिटेक्निक?

पणजी, म्हापसा, फर्मागुढी, डिचोलीच्या सरकारी आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे एका कारागिरीचा अभ्यासक्रम. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा.

मुख्य फरक वेळापत्रकात आहे. आयटीआयमध्ये बहुतेक वेळ वर्कशॉपमध्ये जातो. फिटरचे सुरुवातीचे आठवडे कानस चालवण्यातच संपतात: लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळायची, घासायची, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडात बघायचं. मधोमध फुगवटा दिसला तर कानस झोका खाते आहे, म्हणजे दोन्ही हातांचा दाब स्ट्रोकबरोबर बदलत नाही. हे पुस्तकातून येत नाही. प्रॅक्टिकलला उत्तीर्ण व्हायला 60 टक्के लागतात, थिअरीला 33; भर कशावर आहे ते यातच कळतं.

डिप्लोमात गणित, ड्रॉइंग आणि विज्ञान जास्त. मशीन का बिघडलं, हे कागदावर मांडता यायला हवं. त्यापुढे बीईच्या (इंजिनिअरिंग पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाचीही वाट आहे.

दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. गडबड तिथेच होते: पहिल्या वर्षाचं गणित झालेलंच नसतं, आणि मुलं पहिल्याच सेमिस्टरला अडकतात. सुट्टीत त्रिकोणमिती नि कॅल्क्युलस उरकून घ्यावं. वेल्डर हा एका वर्षाचा ट्रेड, त्यामुळे ही वाट डोळ्यांसमोर असेल तर तो घेऊ नये.

वेर्ण्याच्या कारखान्यात लवकर कमवायला लागायचंय? मग आयटीआय आणि लगेच अप्रेंटिसशिप.