टेराहर्ट्झ बायोसेन्सर चिप: सोनं अस्सल, पाठ पातळ

पाषाणपासून हिंजवडीपर्यंत रक्तातल्या रोगखुणांवर काम करणाऱ्यांसाठी ही चिप चांगली आहे, पण जशी येते तशी नाही. पाचपैकी साडेतीन.

घडण सुरेख. 10 मिलिमीटर चौरस सिलिकॉनवर 10 नॅनोमीटर क्रोमियम, त्यावर 200 नॅनोमीटर सोन्याच्या तुटक कड्या. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक कडीची 2 मायक्रॉनची फट स्वच्छ दिसते, कडेला सोन्याचे कपचे उभे राहिलेले नाहीत. टेराहर्ट्झ लहरींचा स्पंद चिपमधून गेला की कड्या 0.8 टेराहर्ट्झच्या आसपास अनुनाद देतात आणि आलेखात तिथे दरी पडते; कड्यांवर रेणू चिकटले की ती दरी सरकते, आणि मोजायची ती हीच सरक. सारी किंमत या फटीची. 0.8 टेराहर्ट्झला तरंगलांबी 375 मायक्रॉन, तर रोगखूण पकडणाऱ्या अँटिबॉडीचा थर जेमतेम 10 नॅनोमीटर. तो जाणवतो, कारण विद्युतक्षेत्र फटीत एकवटतं.

घोडं अडतं पाठीवर, म्हणजे कड्यांखालच्या सिलिकॉनवर. सिलिकॉन फक्त 500 मायक्रॉन जाड, अपवर्तनांक 3.42. म्हणजे मागच्या पृष्ठभागावरचा प्रतिध्वनी मुख्य स्पंदानंतर 11.4 पिकोसेकंदांत परत येतो. तो टाळायला सिग्नल तिथेच कापला की वियोजन (जवळच्या दोन वारंवारता वेगळ्या ओळखण्याची मर्यादा) 88 गिगाहर्ट्झवर येतं, आणि अनुनादाची टोकदार दरी पसरट होते. कापलेल्या सिग्नलला पुढे शून्यं जोडल्यानं आलेख गुळगुळीत दिसतो, माहिती वाढत नाही. उपाय सोपा आहे: मागे त्याच जातीच्या, उच्च रोधकतेच्या सिलिकॉनचा 5 मिलिमीटरचा ठोकळा घट्ट बसवा. प्रतिध्वनी सव्वाशे पिकोसेकंदांवर जातो. मध्ये हवा किंवा धुळीचा कण राहिला तर मात्र नवाच प्रतिध्वनी उभा राहतो.

सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) थेट ओतून मोजायचा विचारही नको. 1 टेराहर्ट्झला 100 मायक्रॉन पाणी सुमारे नव्वद टक्के शक्ती गिळतं. त्यामुळे चिप धुऊन, वाळवूनच मोजायची. सोन्याला चिकटणाऱ्या थायॉलच्या द्रावणात रात्रभर, मग ईडीसी-एनएचएस (अँटिबॉडी जोडून देणारी रसायनं), अँटिबॉडी, उरलेल्या जागा झाकायला 1 टक्का बीएसए प्रथिन, त्यानंतर सीरम, टप्पे नेहमीचेच. चूक होते ती शेवटच्या धुण्यात. माहितीपत्रक पीबीएसवर (क्षारयुक्त बफर द्रावणावर) थांबतं. पीबीएस वाळलं की थेंबाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उठते, आणि फटीत बसलेला एखादा मायक्रॉनचा स्फटिक अँटिबॉडीपेक्षा मोठा सरक दाखवतो. म्हणून पीबीएसनंतर डीआयोनाइज्ड पाण्यात दोनदा झटपट बुडवा आणि लगेच नायट्रोजननं फुंका. सोबत फक्त बीएसए लावलेली दुसरी चिप चालवा. दोघींच्या सरकेतला फरक तोच निकाल.

जुलै-ऑगस्टमधली पुण्याची दमट हवा हा वेगळा त्रास. बाष्पाची 0.752 टेराहर्ट्झची रेघ या चिपच्या अनुनादाला खेटूनच आहे. पेटीत कोरडा नायट्रोजन सोडा आणि रिकाम्या स्कॅनमध्ये 0.557 व 0.752 च्या खाचा नाहीशा होईपर्यंत नमुना ठेवू नका. झाकण उघडलं की पुन्हा तेच, म्हणून तुलनेची चिपही आधीच आत ठेवून द्या.

चिप पुन्हा वापरायची असेल तर ऑक्सिजन प्लाझ्मानं साफ करा. सोनिकेटरमध्ये (ध्वनिकंपनांनी धुणाऱ्या यंत्रात) घातली तर बारीक कड्यांचं सोनं सुटू शकतं. मागणी नोंदवताना जाड पाठ मिळते का, हे विक्रेत्याला विचारून घ्या.