कोंबडी-वडे की टाकळ्याची भाजी: पोट कशाने सुटतं?

मालवणात कुणाचं पोट सुटलं की खापर कोंबडीवर फुटतं. बिचारी कोंबडी! एका ताटात कोंबडी-वडे घ्या, दुसऱ्यात टाकळ्याची भाजी, बांगड्याचं तिखलं आणि मूठभर भात.

पहिल्या ताटात प्रथिनं भरपूर. ती पचवायला शरीर त्यांच्याच 20 ते 30 टक्के कॅलरी खर्च करतं, आणि भूकही लवकर लागत नाही. घात करतात ते वडे. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, तर प्रथिनात किंवा पिष्टमय पदार्थात 4. वडा तेल पितो, रश्शात खोबऱ्याचं वाटप, भाजी औषधालाही नाही. मग चाराचे सहा वडे कधी होतात ते कळत नाही.

दुसऱ्या ताटात भाजीतलं पाणी आणि तंतू जागा अडवतात, कमी कॅलरीत पोट भरतं. तिखल्यात वाटप नाही. मिरची, कोकम, तिरफळावर काम भागतं. बांगडा तेलकट खरा, पण तळलेला तर नाही.

पण म्हणून नुसत्या भाजीवर राहू नका. प्रथिनं कमी पडली तर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. श्रावणात आमच्याकडे मासे बंद, तरी वजनाचा काटा हलत नाही, कारण उपासाची साबुदाण्याची खिचडी! त्यापेक्षा इतर दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार बरं, प्रथिनं आणि तंतू दोन्ही मिळतात. आंबोळ्या मात्र मोजून.

माझं मत विचाराल तर रोज दुसरं ताट. कोंबडी-वडे गटारीला आहेतच.