24,000 हा आकडा कुणीच वाचला नाही

आम्ही विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागातले. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की चव कळते, त्याला यंत्र लागत नाही. पण किती खारं, कुठे जास्त, कुठे कमी, हे कुणी मोजलेलं मला माहीत नव्हतं. म्हणून बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपलेल्या उन्हाळ्यात मी आमच्या आणि शेजारच्या चार गावांतल्या 22 बोअरचं पाणी गोळा केलं. बाबा मोटारसायकल चालवायचे, मी मागे बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसायची. कॉलेज उघडल्यावर प्रयोगशाळेत पाण्यातलं क्लोराइड मोजायला सिल्व्हर नायट्रेट, आणि हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, मोजायला ईडीटीए हे रसायन. तांबडा रंग निळा होईपर्यंत थेंब थेंब सोडत बसायचं, आणि प्रत्येक नमुना तीनदा. एका बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 2,400 मिलिग्रॅम निघाले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात 500 पर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 2,000. त्या बोअरचं पाणी सहा घरं पितात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की एका परिषदेच्या नादात माझ्याकडून काय गेलं ते कळावं. पैसे गेलेच, पण ते नंतर.

सप्टेंबरात वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पत्रक आलं. पुण्यात आंतरराष्ट्रीय परिषद, पदवीच्या विद्यार्थ्यांनाही संधी. वर ‘यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्यताप्राप्त’, ‘स्कोपस’ (शोधनियतकालिकांची आंतरराष्ट्रीय यादी), ‘आयएसबीएन’ असे शिक्के, खाली सल्लागार मंडळात 11 प्राध्यापकांची नावं, त्यात आयआयटीचेही. आमच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यांना त्रास नको म्हणून मी विचारलं नाही. एक फोन केला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं.

मी गोषवारा रात्री पाठवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत स्वीकृती आली. दोन परीक्षकांचे शेरे होते. एकाने लिहिलं होतं ‘उत्कृष्ट आणि नवीन काम’, दुसऱ्याने जवळजवळ तेच. मला इतका आनंद झाला की मी घरभर ते पत्र वाचून दाखवलं. नोंदणी 3,500, पुस्तकात छापण्याचे 2,500, आणि सवलत त्याच रात्री बारापर्यंत. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. मी क्षणभर थबकले, आणि तरी पैसे पाठवले. घाईत ठेवायचं, म्हणजे माणूस थबकला तरी थांबत नाही, हीच त्यांची रीत आहे. बिल मागितलं तर ‘परिषदेच्या दिवशी मिळेल’ म्हणाले. आजवर मिळालेलं नाही. ते 6,000 रुपये बाबांनी हरभऱ्याच्या बियाण्यासाठी ठेवले होते.

पैसे भरल्यावर दोन दिवसांनी लक्षात आलं, की गोषवाऱ्यात माझ्याकडून एक शून्य जास्त पडलं होतं. 2,400 च्या जागी 24,000. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35,000 मिलिग्रॅम क्षार असतात. म्हणजे माझ्या गोषवाऱ्याप्रमाणे सहा घरं जवळजवळ समुद्र पीत होती. रसायनशास्त्राचा कुणीही माणूस त्या ओळीवर अडखळला असता. दोन परीक्षकांपैकी एकही अडखळला नाही. मी लगेच दुरुस्ती कळवली. उत्तर आलं, दुरुस्तीचे 1,000 रुपये.

तेव्हासुद्धा मी स्वतःला समजावलं, की मोठ्या ठिकाणी असंच चालत असेल.

महाराष्ट्र एक्स्प्रेसने मी आणि बाबा पुण्याला गेलो. हॉटेलचा एक हॉल, चाळीसेक खुर्च्या. रसायनशास्त्र, वाणिज्य, नर्सिंग, योग, मेकॅनिकल इंजिनिअरिंग, सगळं एकाच सत्रात. माझ्या आधी जीएसटीवरचा निबंध होता, माझ्यानंतर प्राणायामावरचा. बीजभाषणाचे पाहुणे आलेच नाहीत, त्यांच्या जागी कुठलातरी जुना व्हिडिओ लावला. प्रत्येकाला चार मिनिटं. मी बोलत असताना अध्यक्ष खाली मोबाइलमध्ये बघत होते. शेवटची स्लाइड झाल्यावर मी प्रश्नांसाठी उभी राहिले, तर सूत्रसंचालकाने पुढचं नाव पुकारलं. आमच्या सत्रात 14 जण होते, त्यांपैकी 9 जणांना ‘सर्वोत्कृष्ट शोधनिबंध’ मिळाला. मलाही.

परतीच्या गाडीत बाबांनी विचारलं, “काय इचारलं वं त्यायनं तुले?”

मी म्हटलं, काहीच नाही.

“मंग तू एवढ्या लांब सांगाले काहाले आलती?”

मॅडम रजेवरून आल्यावर मी प्रमाणपत्र दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी संगणक उघडला आणि माझ्यासमोर एकेक गोष्ट तपासली. स्कोपसची यादी कुणालाही फुकट शोधता येते, तिच्यात या प्रकाशनाचं नाव नव्हतं. आयएसबीएन हा फक्त पुस्तकाचा ओळखक्रमांक असतो. आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सी तो विनामूल्य देते, आणि आत काय छापलंय याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. यूजीसीने 2018 मध्ये आपल्या यादीतून 4,305 नियतकालिकं एकदम काढली होती. पुढे केअर नावाची नवी यादी आली, ती चालवणंही 2025 मध्ये बंद केलं. तेव्हा आज पत्रकावर ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ दिसलं तर ते वाचूनच सावध व्हा.

सल्लागार मंडळातल्या एका प्राध्यापकांना मी त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर मेल केली. दोन ओळींचं उत्तर आलं: या परिषदेशी माझा संबंध नाही, नाव काढायला मी पूर्वीच सांगितलं आहे. ही मेल मी पैसे भरायच्या आधी करू शकत होते. पाच मिनिटांचं काम होतं. तुम्ही करा. नावाजलेल्या शास्त्रज्ञांची नावं त्यांना न विचारता परिषदांच्या जाहिरातीत वापरणं हा जुना धंदा आहे. परिषदा भरवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2016 मध्ये खटला भरला, त्यात हाही आरोप होता, आणि 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने 5 कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला. न वाचता स्वीकारणंही नवं नाही. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून अर्थहीन शब्द जुळवून घेतलेला निबंध ऑर्लँडोच्या एका परिषदेला पाठवला होता, आणि तो स्वीकारला गेला होता.

मी तक्रार करायला गेले. तिथे मला विचारलं, परिषद झाली ना? बोलायला मिळालं ना? प्रमाणपत्र दिलं ना? मग फसवणूक कुठली? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पैसे घेऊन कुणी गायबच झालं असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पण इथे ते गायब होत नाहीत. कागदावर लिहिलेलं सगळं देतात. फक्त तुमचं काम कुणी वाचत नाही.

आणि ते काम परतही मिळत नाही, ही गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नव्हती. नोंदणीसोबत कॉपीराइटचा एक फॉर्म मी सही करून पाठवला होता. आता हाच निबंध चांगल्या नियतकालिकाला पाठवायचा तर तो आधी कुठे छापलेला नसावा, ही पहिली अट असते. मी त्यांना निबंध मागे घ्यायला सांगितलं. त्यांनी ‘विथड्रॉवल’चे 8,000 मागितले. मॅडम म्हणाल्या, एक रुपया देऊ नकोस, दिलेस तरी काढतीलच असं नाही. त्यामुळे 24,000 हा आकडा अजूनही माझ्या नावाखाली, आमच्या गावाच्या नावासकट तिथे आहे.

डिसेंबरात मॅडमनी मला ‘आविष्कार’मध्ये उतरवलं. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा 2006 पासून चालते, तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो, आणि तरी आमच्या वर्गात निम्म्यांना ती ठाऊक नव्हती. मी पोस्टर लावलं. एक वयस्कर परीक्षक आले, चष्मा काढून तक्ता जवळून वाचला आणि विचारलं, “बोअरची खोली किती?” माझ्याकडे 22 पैकी फक्त 13 बोअरची खोली होती. मग त्यांनी विचारलं, नमुने फक्त मे महिन्यातले का, पावसाळ्यानंतरचे कुठे आहेत? दहा-बारा मिनिटं ते माझ्याशी बोलत उभे होते. माझी निवड झाली नाही.

आता मी सुट्टीत गावोगाव खोली विचारत फिरते. 9 पैकी 5 मिळाल्या. उरलेल्या चार बोअर मारणारा माणूस दर्यापूरकडे राहतो असं कळलंय, बाबा म्हणतात रविवारी जाऊ.