निवृत्तीनंतर मुंबईला परतले आणि आमवाताच्या पुड्यांना फसले

सगळ्यात आधी एक सांगते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. सांधेदुखीवर कुणाकडून बिनलेबलाच्या पुड्या आणत असाल आणि महिना-दोन महिने घेत असाल, तर त्या आज एकदम बंद करू नका. पुड्या पिशवीत घाला आणि तशाच डॉक्टरकडे घेऊन जा. असं का म्हणते ते पुढे येईलच.

मी ६७ वर्षांची. इंग्लंडमध्ये लेस्टरला ३१ वर्षं काढली, एका शाळेच्या ऑफिसात पगाराचं काम बघायचे. मिस्टर गेल्यावर तिथला हिवाळा खायला उठायचा. मुलगी कॅनडात. भाऊ-वहिनी मुलुंड पूर्वेला. भाऊ म्हणाला, ‘ये इकडे, आमच्याच सोसायटीत जागा बघतो.’ नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन बॅगा आणि एक थंड पिशवी घेऊन उतरले. त्या थंड पिशवीत माझी चार इंजेक्शनं होती.

मला २००९ पासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे आमवात म्हणतात तो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते. हा वयानुसार होणाऱ्या झिजेचा संधिवात नाही, आणि तो पूर्ण जात नाही, आटोक्यात ठेवावा लागतो. तिकडे माझं सगळं घड्याळासारखं चालू होतं. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, दर चौदा दिवसांनी त्याच कामासाठी अडालिमुमॅबचं ४० मिलीग्रॅमचं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. इंजेक्शनं थंड पेटीतून दाराशी यायची. साठीनंतर इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्या इंजेक्शनची किंमत काय असते हे मला तिकडे कधी विचारावंसुद्धा लागलं नाही.

इथे आल्यावर ते एकदम अंगावर आलं. आरोग्यविम्यात आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागू शकतं, आणि माझ्या पॉलिसीत पूर्ण तीन वर्षं लिहिली होती. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहायला आलेल्यांची आहे तिथेच गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. हे मला माहीत होतं, पण कागदावर. इथे डॉक्टरांनी इंजेक्शनांचा महिन्याचा आकडा सांगितला तो २० हजारांच्या वर होता. शिवाय ते म्हणाले, क्षयरोगाची तपासणी पुन्हा करू, छातीचा एक्स-रे काढू, मगच पुढचं इंजेक्शन. बरोबरच होतं त्यांचं. अडालिमुमॅबमुळे झोपलेला टीबी जागा होऊ शकतो आणि मुंबईत टीबीचा संसर्ग कुठेही होऊ शकतो. पण मी त्यांच्याकडे गेले तेच मुळी फेब्रुवारीत. आणलेली चारही इंजेक्शनं जानेवारीत संपली होती. मधला काळ मी घर लावण्यात, गॅस, आधार, बँक यांत घालवला. लेस्टरमध्ये असताना इथल्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवायला हवी होती. ती घेतली नाही, आणि त्याच खिंडीतून तो पुड्या देणारा माणूस आत आला.

फेब्रुवारीत माझ्या हातांची काय अवस्था होती ते सांगते, म्हणजे मी का भुलले ते कळेल. सकाळी दोन तास बोटं मिटायची नाहीत. दुधाची पिशवी दातांनी फाडायचे. नळ मनगटाने ढकलून उघडायचे. वहिनी रोज दोन पोळ्या आणून द्यायची आणि मला त्याची लाज वाटायची.

शेजारच्या ताई म्हणाल्या, ‘माझे गुडघे बघा, जिना चढते आता. ठाण्याला एक डॉक्टर येतात दर रविवारी.’ त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच बरं वाटत होतं. फसवणारा माणूस स्वतः कधी दारात येत नाही, आपल्या विश्वासातलं कुणीतरी हाताला धरून त्याच्यापर्यंत नेतं.

ठाणे स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर भाड्याचा हॉल. बाहेर फलक: ‘आमवात मुळापासून बरा, गॅरंटीने’. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तीस-चाळीस माणसं, निम्मी आपली मराठी, बहुतेक सगळी माझ्या वयाची. त्याने माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘मावशी, परदेशातलं विष आहे हे शरीरात. पंधरा वर्षं विष खाल्लंय तुम्ही. आधी ते इंग्रजी औषध बंद.’ मी मेथोट्रेक्सेटचं विचारलं. म्हणाला, ‘तेच तर विष.’ मग हळू आवाजात म्हणाला, ‘मायदेशी आलात ना, आता देशाच्या मातीतलंच औषध लागू पडेल.’

या वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांनी घरी आलेल्या बाईला नेमकं काय ऐकायचं असतं, ते त्याला ठाऊक होतं.

पुड्या मेणकागदाच्या, चौकोनी घडीच्या. आत तपकिरी चूर्ण, सुंठेचा वास. मधातून, दिवसाला तीन. कागदावर ना नाव, ना घटक, ना बॅच नंबर, ना परवाना क्रमांक. बिल मागितलं तर म्हणाला, ‘सेवा आहे ही, मावशी, धंदा नाही.’

चौथ्या दिवशी सूज उतरली. अगदी खरं सांगते, चौथ्या दिवशी. मी पोळ्या लाटल्या. मुलुंड स्टेशनचा पूल कठडा न धरता चढले. मुलीला व्हिडिओ कॉलवर मूठ मिटून दाखवली. आज मागे वळून बघताना कळतं की तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. आमवाताचं खरं मूळ औषध सावकाश चालतं, मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात. चार दिवसांत सूज उतरवतात ती स्टिरॉइडं.

मग एकेक सुरू झालं. रात्री तीनला टक्क जाग. मध्यरात्री उठून पोळी-गूळ खावा अशी भूक. चार महिन्यांत सात किलो वजन. सगळे म्हणायचे, इथलं पाणी मानवलं, चेहरा छान भरलाय. हातावर नुसतं टेकलं तरी जांभळे डाग. भावाच्या मशीनवर उपाशीपोटी साखर २१२, आयुष्यात पहिल्यांदा. त्या पुडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘साठलेली उष्णता बाहेर पडतेय. पुडी मात्र चुकवायची नाही. एक दिवस जरी बंद केली तर विष उलटतं.’

ही ताकीद तो प्रत्येकाला द्यायचा. औषध एकदम बंद केल्यावर काय होतं हे त्याला पक्कं माहीत असल्याशिवाय कुणी असं सांगेल का?

पैशांचा हिशेब असा. पहिले दोन महिने साडेनऊ हजार प्रत्येकी. एप्रिलमध्ये सहा महिन्यांचं ‘पॅकेज’ ६० हजार. जूनमध्ये ‘हाडातलं विष काढायला’ सुवर्णभस्म ८५ हजार. एकूण १ लाख ६४ हजार, आणि यूपीआयवर दर वेळी वेगळंच नाव. इंजेक्शनांचे पैसे वाचतील म्हणून मी या वाटेला गेले होते.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या आदल्या रविवारी पुढच्या पुड्या घ्यायला गेले तर हॉलला कुलूप. फलक काढलेला, फोन बंद. पुड्या होत्या त्या चार-पाच दिवसांत संपल्या. गौरी आल्या त्या दिवशी मला मळमळायला लागलं. घरात सगळे म्हणाले, उकडीचे मोदक जास्त झाले असतील. गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी उलट्या थांबेनात, पाय कापसासारखे, आणि मी बाथरूममध्ये कोसळले. भाचा दार ढकलून आत आला. ‘आत्या, डोळे उघड, आत्या’ एवढंच मला आठवतं.

हॉस्पिटलात रक्तदाब ८० वर ५०. सोडियम घसरलेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी माझा चेहरा पाहिला, हातावरचे डाग पाहिले आणि विचारलं, ‘मावशी, स्टिरॉइड घेत होतात?’ मी म्हटलं, नाही हो, आयुर्वेदिक. त्या म्हणाल्या, ‘ते आयुर्वेदिक घरून मागवून घ्या.’ आणि वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टिरॉइडच, सुरू केलं. त्यामुळे मी वाचले.

नंतर त्यांनी मला समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम थांबवतात. मग बाहेरचं एकदम बंद झालं तर शरीराकडे काहीच उरत नाही, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो. म्हणून स्टिरॉइड डॉक्टरांनी दिलेलं असो की कुणी लपवून चारलेलं असो, ते पायरी-पायरीने कमी करावं लागतं. भाच्याने कपाटातल्या डब्याच्या तळाशी माझ्या नजरेतून सुटलेल्या दोन-तीन पुड्या खाजगी प्रयोगशाळेत तपासून घेतल्या. निघालं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. डेक्सामेथासोन हे नेहमी देतात त्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडपेक्षा मिलीग्रॅमला मिलीग्रॅम सहा-सात पट तीव्र. सुंठ होतीच, वासापुरती.

पाच दिवसांचं बिल १ लाख १२ हजार, सगळं पदरचं. हाडांची घनता कमी झालीय. साखरेची गोळी अजून चालू आहे.

मला आयुर्वेदाला बोल लावायचा नाही. माझे आजोबा काढे करून द्यायचे आणि आम्ही ते घेतले आहेत. उलट, आयुर्वेदाच्या नावाखाली चोरून डेक्सामेथासोन चारणाऱ्यावर खऱ्या वैद्यांनीच सगळ्यात जास्त चिडायला हवं. वैद्याचीही नोंदणी असते, महाराष्ट्रात ती महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते. नोंदणी क्रमांक विचारा. तो सांगायला काचकूच करणाऱ्यासमोर खुर्चीवर बसूसुद्धा नका. आणि बाहेरचा तो ‘मुळापासून बरा’ फलक? १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्यातल्या रोगांच्या यादीत ‘ऱ्हुमॅटिझम’ म्हणजे आमवात-संधिवात येतो. म्हणजे तो फलक लावणं हाच गुन्हा होता. त्याच्याखालून आम्ही तीस-चाळीस जण दर रविवारी जात होतो.

तक्रार केली. अन्न व औषध प्रशासनाचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, तिथे प्रयोगशाळेचा अहवाल आणि उरलेली एक बंद पुडी दिली. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज दिला. तिथे पहिला प्रश्न, बिल आहे का? नव्हतं. यूपीआयचे स्क्रीनशॉट तेवढे कामाला आले. तपास चालू आहे असं सांगतात. पैसे परत येतील अशी आशा मी धरलेली नाही.

जे कुणी माझ्यासारखे आजार घेऊन परत यायच्या बेतात आहेत, त्यांना कळकळीने सांगते. विमानाचं तिकीट काढायच्या आधी इथल्या तज्ज्ञाची वेळ घ्या. तिकडच्या डॉक्टरकडून पत्र घ्या. त्यात औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नव्हे, कारण इथे ब्रँड वेगळे असतात. डोस, शेवटची टीबी तपासणी, शेवटचा एक्स-रे, सगळं त्यात असू द्या. आणि तुमचं औषध ‘तिकडेच मिळतं’ असं धरून चालू नका. मी तसंच समजत होते. अडालिमुमॅबच्या तोडीचं बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषध, जगात सगळ्यात आधी २०१४ मध्ये आपल्या देशात, अहमदाबादच्या कंपनीने बाजारात आणलं. आता माझे डॉक्टर इंजेक्शनांमधलं अंतर थोडं वाढवता येतं का ते बघताहेत. मेथोट्रेक्सेट तर इथे फारच स्वस्त आहे. खर्च मला झेपतो. फेब्रुवारीत वही घेऊन तासभर बसले असते तर तेव्हाही कळलं असतं.

हॉस्पिटलातून घरी आले त्या संध्याकाळी मी शेजारच्या ताईंचं दार वाजवलं. त्यांच्या मुलाने जुलैमध्येच सगळ्या पॅकेजच्या पुड्या एकदम आणून ठेवल्या होत्या, म्हणून त्या अजून धडधाकट होत्या. मी सांगायला लागले तशा त्या उठल्या, स्वयंपाकघरातून डबा आणला आणि केराच्या टोपलीवर उपडा करायला निघाल्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, ‘ताई, टाकू नका. आजची पुडी घ्या. उद्या सकाळी आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ.’

त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, ‘मीच नेलं हो तुम्हाला.’ दुसऱ्या दिवशी रिक्षात त्यांनी तो डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला होता. सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं, त्यांचंही जवळजवळ शून्यच निघालं. आता त्यांच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दर काही आठवड्यांनी थोड्या-थोड्या कमी होताहेत. कॅलेंडरवर आम्ही दोघींचे डोस एकाच पेनाने लिहितो.