जुनापाणी ते पवनी: एका दिवसाच्या वारसा-फेरीविषयी

आमच्या भागातील काही तरुण जुनापाणीची शिलावर्तुळे (मोठे धोंडे गोलाकार मांडून केलेल्या प्राचीन रचना) आणि भंडारा जिल्ह्यातील पवनीचा मातीचा कोट एकाच दिवसात दाखवणारी फेरी चालवतात. पौषात आम्ही अकरा जण त्यांच्यासोबत गेलो होतो.

जुनापाणीला पोहोचायला साडेअकरा वाजले, ही या फेरीची मोठी उणीव आहे. नागपूरजवळच्या त्या मुरमाड माळावर सुमारे ३०० वर्तुळे आहेत. त्यांतील काही धोंड्यांवर कोरलेले वाटीसारखे खळगे सकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात. मार्गदर्शकाने बाटलीतले पाणी एका धोंड्यावर ओतले, तेव्हा कुठे ओल्या दगडावर खळग्यांची रांग आमच्या नजरेस पडली. हातात दिलेल्या पत्रकात ही वर्तुळे म्हणजे वेधशाळाच असे ठामपणे छापले आहे, ते मला पटले नाही. विदर्भात उत्खनन झालेल्या अशा वर्तुळांत मृतांचे अवशेष, लोखंडी अवजारे आणि माहूरझरीला तर घोड्यांचे तांब्याचे साज मिळाले आहेत, आणि याचा पत्रकात साधा उल्लेखही नाही.

पवनीत मात्र या मुलांनी मन जिंकले. १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर उजेडात आलेल्या स्तूपाची माहिती थोडक्यात आटोपून त्यांनी आम्हाला थेट कोटावर चालवत नेले. हा कोट वर्तुळांच्या नंतरचा, इतिहासकाळाच्या आरंभीचा. तीन बाजूंना मातीचा तट व खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. आमच्यातले एक धानकरी काका म्हणाले, "ही तर तलावाची पाळच दिसते." मार्गदर्शकाने काठीने जमिनीवर रेघ ओढून समजावले, "काका, तलावाची माती आतून काढतात, म्हणून पाणी आत साठते. इथे ती बाहेरून काढली, म्हणून खोलगट भाग गावाबाहेर राहिला." एकाच खोदकामातून खंदक आणि तट दोन्ही उभे राहिले, हे त्यानंतर चढावर प्रत्येक पावलाला जाणवत होते. मृतांसाठी नांगर न चालणारा मुरमाड माळ आणि वस्तीसाठी नदीकाठची काळी जमीन, ही जुन्या लोकांची निवड एकाच दिवसात डोळ्यांनी पाहता येते, आणि एवढ्यासाठीही ही फेरी करावी.

जेवणाला लागलेला दीड तास कमी करून गाडी पहाटे पाचला सोडावी, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी कोटाच्या चढासाठी काठी सोबत ठेवावी.